कौतिकअक्काच्या लांब बाह्या

वैशाखात लांब बाह्यांचं पोलकं शिवायला टाकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पारोळ्याचा वैशाख ज्यानं काढलाय त्याला जास्त सांगायला नको. दुपारी ओट्यावर पाय टेकवत नाही, आणि कुत्रं एकदा नळाच्या ओल्या जागेवर बसलं की उन्हं कलल्याशिवाय उठत नाही. अशा दिवसांत कौतिकअक्का माझ्या मशीनपाशी आली, माझ्या मांडीवर कापड टाकलं आणि म्हणाली, "सुभद्रा, बाही मनगटलोंग ठेव."

म्हणजे मनगटापर्यंत. मी म्हटलं, "अक्का, डोकं फिरलं का तुझं?"

"तुले काय करनं शे? शिव."

कौतिकअक्का माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. ती कासारीण, मी पोलकी शिवणारी. तिच्या पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, माझ्या पुढच्या खोलीत मशीन. बाई तिच्याकडे हात भरायला आली की माझ्याकडे माप द्यायला यायची, नाहीतर माझ्याकडून तिच्याकडे जायची. त्यामुळे गल्लीतल्या बायकांचे दंड माझ्या ओळखीचे आणि मनगटं तिच्या.

ती बुटकी होती. नाक मोठं, आवाज पुरुषी. हाक मारली की चौकातली रिक्षा थांबायची. तिला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत. हात राहत. एकदा आम्ही एसटीत उभ्या होतो. पुढे एक बाई, डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला, दांडा धरून उभी. कौतिकअक्कानं तिचा तेवढा हात पाहिला आणि म्हणाली, "काय व, तू शिंदखेडालेच शेस का आजून?" त्या बाईनं पदर मागे सारला आणि रडायलाच लागली. आमच्याच गल्लीतली मुलगी, शिंदखेड्याला दिलेली. लग्नाच्या वेळी अक्कानं तिचा हात भरला होता, त्याला किती वर्षं झाली होती देव जाणे. मी तिच्या तोंडाकडे बघूनही ओळखली नव्हती.

बांगडी भरताना ती आधी हात दाबायची. अंगठ्याच्या बुडाशी, मग करंगळीच्या बाजूनं, कणीक मळावी तसा. आणि म्हणायची, "हात ढिला सोड व माय." दिवसभर भिंतीपलीकडून हेच ऐकू यायचं. हात ढिला सोड. हात ढिला सोड. गंमत अशी की हात ढिला सुटला की बायकांचं तोंडही सुटायचं. कुणाची सासू, कुणाचा दारुडा, कुणाची दिवस गेल्याची बातमी, सगळं तिच्या दुकानात पहिल्यांदा निघायचं. ती ऐकायची आणि पुढची बांगडी चढवायची. सल्ला द्यायची नाही. एवढं मात्र खरं, तिच्या दुकानातली गोष्ट तिच्या दुकानातच राहायची. मी भिंतीला कान लावूनच जे ऐकलं ते ऐकलं.

खोटं ती बोलत नसे. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाही. शेजाऱ्याला त्याचा त्रासच व्हायचा. लग्नसराईत एक गिऱ्हाईक माझ्या दारात आलं. मी सांगितलं, पोलकं झालंय, हुक लावायचे तेवढे राहिलेत. पलीकडच्या ओट्यावरून कौतिकअक्का ओरडली, "कसानं झायं! आजून कापडनी घडी मोडी नही तिनी." त्या बाईनं मला गल्लीभर फिरेल एवढं सुनावलं. मी नंतर अक्काला म्हटलं, तुला गप्प बसता येत नव्हतं? ती म्हणाली, "तू माले डोळा मारती तर गप बसती." गप्प बसणं तिला चालायचं. खोटं चालायचं नाही. एखादी गोष्ट सांगायची नसली की ती दुसरंच काहीतरी बोलायची. बांगडीचं माप, भाजीचा भाव, तुझ्या मशीनीला तेल घाल. तिला ओळखणाऱ्याला तेवढ्यावरून कळायचं.

तिचा नवरा गेला तेव्हा बायका बांगड्या वाढवायला जमल्या. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, ही रीत. अक्कानं दोन्ही हात पदरात ओढून घेतले. म्हणाली, "इकनारीना हात उघडा तर लेनारी काय देखीसनी लेई?" विकणारीचाच हात मोकळा असला तर घेणारी काय बघून घेणार. समोरच्या भागाआजीनं तिला निर्लज्ज म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. अक्कानं बांगड्या उतरवल्या नाहीत. गडद हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांत भरून. पुढे भागाआजीच नातीला घेऊन तिच्याकडे चुडा भरायला आली.

त्या बांगड्या पुढे एका गोळीनं उतरवल्या.

तिला एकच मुलगा, सुनील. पुण्याकडे कंपनीत आहे. बायको, दोन मुलं, एक खोली आणि स्वयंपाकाचा कट्टा. आईला तिथे ठेवायला जागा नाही आणि आईला इथून हलायचं नाही, म्हणून भांडणही नाही. पूर्वी त्याचा फोन कधीतरी यायचा. "बरी शे ना?" "बरी शे." "काही लागस का?" "काही नही लागत." संपलं. फोन ठेवून अक्का थोडा वेळ तशीच बसायची, जणू आणखी काहीतरी बोलायचं राहिलंय. मग बांगड्या पुसायला घ्यायची.

एका दिवाळीला सुनील आला. आईचा हात बांगडी भरताना थरथरतो हे त्यानं पाहिलं. त्याच्या कंपनीतला कोणी माणूस ताकदीच्या गोळ्या विकायचा. पुण्याला गेल्यावर सुनीलनं मोठी बाटली पाठवली. नारिंगी रंगाच्या गोळ्या, बोराच्या बीएवढ्या. फोनवर म्हणाला, यात सगळी जीवनसत्त्वं आहेत, लोह आहे, जस्त आहे, रोज एक घ्यायची. आणि तो रोज विचारायला लागला.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की त्याचा फोन यायचा, गोळी घेतली का म्हणून. "माय, गोळी लिधी का?"

"लिधी रे भाऊ."

त्या एका गोळीच्या मागून मग बाकीचं यायचं. काय रांधलं. पोरगी शाळेत काय म्हणाली. बसमध्ये आज कोण झोपलंय. पुण्यात तो बायकोशी, पोरांशी, साहेबांशी सगळ्यांशी मराठी बोलायचा. अहिराणी बोलायला त्याला ती तेवढी एकच उरली होती. बस कंपनीच्या फाटकात शिरेपर्यंत बोलणं चालायचं. मी भिंतीपलीकडे मशीनीला तेल घालत ऐकायची. मी मूळची बोदवडची. इतकी वर्षं पारोळ्यात काढूनही अहिराणी माझ्या तोंडात बसली नाही आणि अक्का त्यावरून मला पाहुणी म्हणायची. पण समजतं सगळं.

गोळी ती प्रसादासारखी घ्यायची. आंघोळ, देवाला दिवा, मग उजव्या तळहातावर गोळी, वर तांब्याभर पाणी. एकदा मला देऊ लागली. मी म्हटलं, मी चौथी शिकले, पण भाकरी गोळीत मावत नाही एवढं मला कळतं. ती हसली आणि म्हणाली, "तुले कोनी धाडी नही म्हनीसन."

तुला कुणी पाठवली नाही म्हणून. खरं होतं.

संक्रांतीनंतर तिचं अंग खाजायला लागलं. आधी दंडाच्या आतल्या बाजूला, मग पोटावर, मग सगळीकडे. गोळीएवढ्या, रुपयाएवढ्या गांधी उठायच्या, लाल, मध्ये पांढुरक्या, गरम. संध्याकाळपर्यंत बसायच्या, सकाळी परत. आम्ही म्हटलं पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावलं, गेरू लावला, काळी घोंगडी पांघरून बसवली. घोंगडीनं तर ती वेडीच व्हायची राहिली.

मग भागाआजी काठी टेकत आली. तिनं अक्काचा हात उजेडात धरला आणि सांगितलं, "माय निघनी शे." म्हणजे देवी आली. या वयात देवी कुठली, असं मी म्हटलं तर आजी म्हणाली, तुमच्या बोदवडला येत नसेल. दाराला कडुनिंबाची डहाळी लागली. घरात फोडणी बंद, तळण बंद. आणि देवी घरात असताना औषध घ्यायचं नाही, देवीचा कोप होतो. भागाआजीनं फळीवरचं सगळं बाजूला केलं. बाम, खोकल्याची बाटली आणि ती नारिंगी गोळ्यांची बाटलीसुद्धा. त्या दिवसांत सुनीलनं गोळीचं विचारलं की अक्का पोरीच्या शाळेचं काढायची आणि फोन लवकर आटपायचा.

थोड्याच दिवसांत अंग आरशासारखं झालं. भागाआजीचा मान वाढला. थंड दहीभाताचा नैवेद्य झाला, गल्लीत वाटला, मीही खाल्ला. डहाळी उतरली. दुसऱ्या सकाळी अक्कानं आंघोळ करून, दिवा लावून, गोळी घेतली.

दुपारपर्यंत देवी परत.

"मायनं काही राही गयं," भागाआजी म्हणाली. काहीतरी करायचं राहून गेलं. पुन्हा डहाळी, पुन्हा औषध बंद, पुन्हा अंग साफ, पुन्हा दहीभात. मी तेव्हा म्हटलं, देवीला दुसरं काही काम नाही का, कासारणीच्याच घरी फेऱ्या मारते. भागाआजी माझ्यावर रागावली. कौतिकअक्का मात्र रागावलीही नाही आणि हसलीही नाही. बाटलीकडे बघत बसली होती. मग मला म्हणाली, "तुनी मशीन आवाज करस. तेल घाल."

तिसऱ्यांदा अंग उठलं तेव्हा तिनं भागाआजीला बोलावलं नाही. बांगड्या गांधींवर घासायच्या, कातडी सोलवटायची. तिनं त्या एकेक करून साबणाच्या पाण्यानं उतरवल्या आणि डब्यात ठेवल्या. मी तिचे मोकळे हात पहिल्यांदाच पाहिले. नवऱ्यासाठी जे झालं नाही ते असं झालं.

आणि त्याच वेळी लग्नसराई आली.

खालच्या आळीतल्या एका मुलीचा चुडा होता. अक्का पेटी घेऊन गेली, मी पोलक्यांची थैली घेऊन गेले. बायका जमलेल्या, नवरी पाटावर. अक्कानं नवरीचा हात हातात घेतला, दाबला, म्हणाली, हात ढिला सोड व माय. तेवढ्यात नवरीची सुरतेची मावशी वाकली. अक्काचे हात तिनं पाहिले.

"थांबा थांबा. हे काय आहे तुमच्या हातावर? लागट आहे का?"

"लागट नही," अक्का म्हणाली.

"मग काय आहे?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, पित्त आहे, ऊन लागलंय, मुंग्या चावल्या. काहीही चाललं असतं. अक्कानं पेटीकडे पाहिलं. म्हणाली, "बांगडी सव्वादोननी काढू का आडीचनी? पोरना हात नाजूक शे."

"मी काय विचारते आणि तुम्ही काय सांगता?"

नवरीनं हात मागे घेतला नव्हता, हे मला आठवतं. तिचा हात तसाच पुढे होता, ढिला सोडलेला. मावशीनं तो उचलून बाजूला घेतला आणि कुणाला तरी दुसऱ्या कासाराकडे पाठवलं. अक्कानं हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळल्या, पेटी बंद केली, नवरीच्या डोक्यावरून हात फिरवायला उचलला आणि मग फिरवला नाही. आम्ही घरी आलो. वाटेत पेटी मी घेऊ लागले, तर तिनं दिली नाही. 

त्याच दुपारी ती कापड घेऊन माझ्याकडे आली. बाही मनगटलोंग ठेव.

माप घ्यायला मी तिचा हात धरला. जवळून पाहिलं तर दंडापासून पंजापर्यंत सगळा हात उठलेला. नखांचे ओरखडे. मी टेप खाली ठेवली.

"अक्का, ती गोळी बंद असते तेव्हा हे जातं."

"कापड आटस का हाई?" ती म्हणाली.

"गोळी सुरू केली की येतं."

"आटत व्हई तर इंचभर जास्त धर."

मी समजले. तिला माहीत होतं. भागाआजीच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या दहीभातालाच माहीत झालं होतं. मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, मग घेतेस कशाला? फेकून दे. नाहीतर फेक आणि फोनवर सांग, घेतली म्हणून. एवढंही जमत नाही?

"त्याले खोटं सांगू?"

"मग खरं सांग. बाधते म्हण."

तिनं खाली ठेवलेली टेप उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "दोन दिन रोज फोन करी. कशी शे, कशी शे. मंग आंग बरं व्हई जाई. मंग काय इचारी?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुखनामा परका बी फोन करस, सुभद्रा. बरा मानूसले कोन करस?"

 माझ्या मुलीचा फोन येतो तो पोलक्याचं काम असलं तर. मी माप घेतलं.

बाही सैल ठेवली. आतून जुन्या धोतराचं मऊ कापड लावलं, शिवण बाहेरच्या अंगाला घेतली, म्हणजे टोचायला नको. काखेत वारा जायला फट ठेवली. दिसायला ते पोलकं फार वाईट झालं. तिनं घातलं, हात हलवून पाहिला आणि म्हणाली, "बुजगावनं दिसस मी." दिसतच होती. त्या पोलक्यात तिनं सगळा वैशाख दुकान चालवलं. घाम निथळायचा. बायका विचारायच्या, तर म्हणायची, सुभद्रानं शिवलं, तिला विचारा. म्हणजे खोटंही नाही.

ज्येष्ठातल्या एका सकाळी भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. आम्हा दोघींची ती खूण होती, साखर हवी असली तर दोनदा वगैरे. पण हे ठोकणं थांबेना. मी गेले. ती जमिनीवर बसली होती, बांगड्यांच्या लाकडी दांडक्यानं भिंत ठोकत. ओठ सुजून पालथे झालेले, डोळे फटीएवढे. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज. तिला बोलता येत नव्हतं. पण शेजारी फोन पडला होता आणि तो नीट बंद केलेला होता. बाईनं आधी मुलाला "लिधी" म्हणून सांगितलं, त्याच्या बसचं ऐकून घेतलं, आणि मग भिंत ठोकली.

रिक्षात घालून मी तिला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाहिल्याबरोबर इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, ठेवून घेतलं. थोडा वेळ गेला असता तर घसाच बंद झाला असता, असं मला म्हणाले. मला, जणू मीच खाऊ घातलं होतं. सूज उतरल्यावर त्यांनी धुळ्याला कातडीच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. सुनीलला कळवू का, मी विचारलं. तिनं मान हलवली. नको. दुसऱ्या सकाळी धुळ्याच्या एसटीत त्याचा फोन वाजला, तो तिनं उचलला नाही.

धुळ्याची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं अक्काचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. अक्कानंही तिचा पाहिला.

"हात चांगला शे व तुना. मोकळा का बरं ठेवस? तुले सव्वादोननी बांगडी लागी."

"दवाखान्यात अडचण होते, आजी. मला सांगा, हे सुरू व्हायच्या आधी नवीन काय सुरू केलं? खाण्यात, औषधात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कानं पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. सरळ विचारल्यावर तिला दुसरा रस्ता नव्हता.

डॉक्टरनं बाटलीवरची चिठ्ठी वाचली. बारीक अक्षरात नावांची रांग होती. "यातलं नेमकं काय बाधलं ते आत्ता सांगता येणार नाही," ती म्हणाली. "एखादं जीवनसत्त्व असेल, क्षार असेल, नाहीतर नुसता वरचा नारिंगी रंग. रंगानंही होतं. ताकदीची गोळी म्हणून ती कुणाला बाधत नाही असं नसतं. तुम्हाला संशय कधी आला?"

"माले बराच दिनपासून मालूम शे."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "माहीत होतं? आणि घेत राहिलात?"

"पोर्‍या इचारस."

"काय विचारतो?"

"गोळी लिधी का."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते जाऊ द्या बाई, तुम्हाला नाही समजायचं, तुम्ही औषध लिहा. तिनं लिहिलं. पण नंतर खुर्ची पुढे ओढून अक्काला म्हणाली, "आजी, ही गोळी पुन्हा घ्यायची नाही. बघू या म्हणून एकदाही नाही. पुढच्या वेळी शेजारीण येईपर्यंत वेळ मिळणार नाही. आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी हे सांगायचं."

येताना एसटीत बाटली अक्काच्या मांडीवर होती. खिडकीतून फेक म्हटलं तर म्हणाली, त्यानं पाठवलेली आहे.

दुसऱ्या सकाळी मी तिच्याच घरात बसले होते. फोन वाजला.

"माय, गोळी लिधी का?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नही."

"का बरं?"

तिनं सांगितलं. गांधी, देवी, सूज, धुळं. रडारड न करता, भाजीचा भाव सांगावा तसं. पलीकडून फक्त बसचा आवाज येत होता. मग तोही थांबला. सुनीलनं फोन ठेवला होता.

अक्का म्हणाली, "फाटक उनं व्हई." कंपनीचं फाटक आलं असेल. ते तिला स्वतःलाही पटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अंग मात्र साफ व्हायला लागलं. सकाळी ती आंघोळ करून, दिवा लावून ओट्यावर बसायची, फोन मांडीवर. बस फाटकात शिरायची वेळ टळून गेली की उठायची. मी तिला म्हटलं, तू कर ना फोन. "काय इचारू?" ती म्हणाली. मला त्या पोराचा राग आला होता. पारोळ्याला असता तर त्याच्या कानाखाली वाजवली असती.

आणि तो आला. सुट्टीच्या दिवशी, पहाटेच्या गाडीनं, दाढी वाढलेली. मी अंगण झाडत होते. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेला, आईच्या पुढ्यात जमिनीवर बसला, आणि तिच्या त्या बुजगावण्याच्या बाह्या वर सारून हात बघायला लागला. ओरखड्यांचे काळे डाग राहिले होते. एकेका डागावर बोट ठेवत होता.

"माले का बरं नही सांगं, माय?"

अक्का म्हणाली, "मंग तुना फोन कसाले येता?"

तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. एवढा टक्कल पडलेला माणूस. अक्कानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, पोराचे लाड करणं तिला येत नव्हतं. त्याचा हात घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबत बसली. मी झाडू घेऊन माझ्या घरात आले. भिंतीला कान लावला नाही, हे इथं लिहून ठेवते.

जाताना तो बाटली घेऊन गेला. आईच्या फोनमध्ये त्यानं एकमेकांचं तोंड दिसतं ती सोय करून दिली. मला म्हणाला, "मावशी, तीन दिवस लाजेनं फोन केला नाही. मीच तिला रोज खाऊ घालत होतो." मी म्हटलं, आता रोज कर म्हणजे झालं. बाकीचं काही विशेष नाही.

तो गेल्यावर अक्कानं डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. हिरव्या बांगड्या. स्वतःचा हात स्वतःला भरता येतो, तिनं आयुष्यभर भरला होता, पण आता हात थरथरायचा. "तू भर," म्हणाली. मी सुईदोऱ्याची बाई. साबण लावला, तेल लावलं, तरी बांगडी अंगठ्यावर अडायची. तिचा हात लाकडासारखा ताठ. मी म्हटलं, "हात ढिला सोड व माय." ती इतकी हसली की एक बांगडी वाढली. दुसरीही वाढली. "पाहुनी," ती म्हणाली, "तुनं काम नही हाई." पण जमेल तेवढ्या भरून घेतल्या.

लांब बाह्या तिनं माझ्याकडून कापून घेतल्या. उरलेल्या तुकड्यांची तिनं बांगड्या पुसायची फडकी केली.

ती गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. गोळीनं गेली नाही, वयानं गेली, थंडीच्या दिवसांत, झोपेत. म्हातारी माणसं जातात, त्यात सांगण्यासारखं काही नसतं. बांगड्या उतरवायच्या का, म्हणून बायका सुनीलकडे बघत होत्या. तो म्हणाला, राहू द्या. भागाआजी असती तर बोलली असती, पण ती आधीच गेली होती.

मला ती आठवते ती शेवटच्या दिवसांतल्या एका सकाळची. ऊन ओट्यावर आलं होतं. अक्का आखूड बाह्यांच्या पोलक्यात बसलेली, फोन बांगड्यांच्या खोक्याला टेकवून उभा केलेला. त्यातून सुनीलचा आवाज, मागे बसची घरघर.

"माय, हात दाखाड."

तिनं उजवा हात फोनपुढे धरला. शाळेत मास्तर नखं बघायचे तेव्हा आम्ही धरायचो तसा.

"उलटा कर. आते दुसरा."

बांगड्या वाजल्या. दुसराही हात तिनं उलटासुलटा करून दाखवला. दोन्ही हातांवर काही नव्हतं, म्हातारपणाच्या सुरकुत्या तेवढ्या. आता दाखवायचं काही उरलं नव्हतं, तरी रोज दाखवायची आणि तो रोज बघायचा.

"चांगला शेतस," तो म्हणाला. "काय करी राहिनी?"

"गिर्‍हाईक नही. बठेल शे."

फोन तसाच चालू राहिला. ती कप घेऊन चहा पीत होती, तो बसमध्ये बसला होता. बराच वेळ कुणीच बोललं नाही. गल्लीतून एक म्हैस गेली, ती त्यालाही दिसली असणार. अक्काचा एक हात मांडीवर होता, बोटं उघडी, पंजा वर. मी माझ्या ओट्यावरून पाहिलं. ढिला सोडलेला होता.